झुंबरबाईची जबानी

१ एप्रिल १९३० रोजी निझाम सरकारने आपल्या राज्यातील रेल्वे कंपनीकडून काढून स्वतःच्या ताब्यात घेतली. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड या मार्गाने हैदराबादेकडे जाणारी लाइन त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे चालू होती. हे आरंभीच नोंदवण्याचे कारण असे, की भोकरदन तालुक्यातील धावडा गावात आजही सांगतात, झुंबरबाई धावड्याहून हैदराबादेपर्यंत पायी गेली. तिला पायी जाण्याची गरज नव्हती. ती गेली १९३५ च्या जानेवारीत, आणि तेव्हा जालन्याच्या स्टेशनावर गाडी येत होती, जात होती.

कथेचा एवढा भाग उतरवल्यावर उरलेलाही आपोआप खाली येईल, असा माझा अंदाज होता. तो चुकला. गावाने सांगितलेले जे जे खोटे ठरले, त्याच्या जागी कागदांतून त्याहून मोठे काही तरी निघत गेले.

झुंबरबाई ही पिंपळगाव रेणुकाईच्या कचरू नावाच्या शेतकऱ्याची थोरली मुलगी. धावड्यास दिलेली. नवरा लवकर गेला, मागे एक लहान मुलगा. सासरची कोरडवाहू जमीन ती स्वतः करीत असे. आई लहानपणीच वारल्यामुळे धाकट्या भावाला, पुंजारामला, तिनेच वाढवले. तिला अक्षरओळख नव्हती, आणि वयाच्या पस्तिशीपर्यंत भोकरदनच्या बाजारापलीकडे ती गेलेली नव्हती. हे शेवटचे वाक्य माझे नाही, तिचे आहे. एका प्रश्नाचे उत्तर म्हणून ते उर्दूत लिहून घेतलेले आहे, आणि त्या कागदाकडे मी पुढे येणारच आहे.

पुंजाराम हैदराबादेत बी. ए. झाला आणि तिथल्याच एका विद्यालयात कायद्याच्या अभ्यासक्रमाला बसला. हजेरीपटावर त्याचे नाव 'पुंजाराम वल्द कचरू, साकिन पिंपळगाव रेणुकाई' असे आहे. पदवीनंतरच्या या वर्गाची नियमपुस्तिका बावीस पानांची असून ती मी दोनदा वाचली. वर्षाला दोनशे चाळीस तास. रोज दोन, शुक्रवारी सुट्टी. परीक्षेला बसायचे तर एकूण तासांच्या पाऊण हिश्श्याची, म्हणजे एकशे ऐंशी तासांची हजेरी हवी. नाव उशिरा दाखल झाले तर आधीचे तास गैरहजेरीत धरले जात. आणि हजेरीअभावी ज्याचे नाव एकदा खारीज झाले, त्याला पुन्हा प्रवेश नाही. या वर्षी नाही, पुढे कधीही नाही.

पुंजारामचा भोकरदन तहसिलीतला रहिवासी दाखला वेळेवर पोचला नाही. त्याचे नाव तीन आठवडे उशिरा लागले आणि छत्तीस तास तिथेच गेले. पावसाळ्यात हिवतापाने आणखी दहा गेले. त्यानंतर त्याने एकही तास चुकवला नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर एका गुरुवारी त्याला कार्ड आले, तोपर्यंत.

कार्डाचा कोपरा फाडलेला होता. आपल्याकडे त्याचा अर्थ मजकूर वाचण्याआधीच कळतो. कचरू धावड्यात, लेकीच्या घरी, तीन दिवसांच्या तापाने वारला होता. पुंजारामने रीतीप्रमाणे केले: कार्ड वाचले, फाडले, अंगावर पाणी घेतले आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवारी गाडीत बसला. मृत्यूचे पत्र घरात ठेवायचे नसते. ते वाचून तिथल्या तिथे फाडायचे असते. त्याच्या जागी भोकरदन तालुक्यातला दुसरा कोणीही असता तर त्याने हेच केले असते.

नियमपुस्तिकेचे चौदावे कलम मात्र निराळे सांगत होते. आईबापांपैकी कोणाच्या मृत्यूमुळे विद्यार्थी गैरहजर राहिला, तर पहिल्या दहा दिवसांची गैरहजेरी माफ करता येईल. अट एकच, लेखी पुरावा जोडावा. पुरावा वर्ग संपायच्या दिवसापर्यंत दाखल व्हावा.

पुंजाराम अठरा दिवसांनी परतला. त्याने अर्ज दिला. अर्जाच्या पाठीवर कार्यालयाचा शेरा आहे: 'कागद कुठे?'

त्याने बहिणीला पत्र घातले. ते पत्र उरलेले नाही. त्यात काय होते ते मला झुंबरबाईच्या सुनेने, द्वारकाबाईने सांगितले. द्वारकाबाई आता नव्वदीच्या पुढे आहेत. लग्न होऊन त्या या घरात आल्या १९५४ मध्ये, म्हणजे घटना घडून वीस वर्षे झाल्यावर. त्यांनी जे ऐकले ते सासूच्या तोंडून, आणि सासूने ते कितीदा सांगितले असेल, सांगताना किती बदलले असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही. म्हणून त्यांचे जे बोलणे कागदाशी जुळते तेच मी ग्राह्य धरले आहे. जिथे जुळत नाही तिथे तसे लिहिले आहे.

पत्र धावड्याच्या शाळामास्तरांनी वाचून दाखवले. झुंबरबाई म्हणाली, "फाडलेलं कार्ड मागून राह्यले? येडे हायेत का? ते कोन ठेवतंय?"

मास्तर म्हणाले, "मंग पाटलाचा दाखला आना. पाटलाच्या वहीत मयताची नोंद असती."

ती आधी माहेरी गेली. पिंपळगावचे काकासाहेब पाटील तिला लहानपणापासून ओळखत होते.

"झुंबरे, तुहा बाप गेला हे साऱ्या गावाला ठाऊक हाय," ते म्हणाले. "पन गेला कुठं?"

"माह्या घरी. धावड्यात."

"मंग धावड्याच्या पाटलाकडं जा. माह्या वहीत पिंपळगावात मेलेली मान्सं बसतेत."

धावड्याचे बद्रीनाथ पाटील ओसरीवरून उठलेसुद्धा नाहीत. "कचरूबा कुन्या गावचे?"

"पिंपळगावचे."

"मंग? पाव्हन्यारावळ्यांची नोंद करीत बसलो तर वही पुरायची न्हाई, बाई."

"बराबर हाय," झुंबरबाई म्हणाली. "मंग एवढं करा, पाटील. बाप कुन्या गावात अजून जित्ता हाय, तेवढं लिहून द्या. जाऊन घरी घिऊन येते."

द्वारकाबाई हे वाक्य सांगताना आजही हसतात. दोन्ही गावांच्या त्या वर्षीच्या मयत-नोंदी मी पाहिल्या. कचरूचे नाव दोन्हींत नाही. सरकारी कागदावर तो मनुष्य आजतागायत मेलेला नाही.

जानेवारीत कापसाच्या गाड्या जालन्याच्या जिनिंगकडे निघत. अशाच एका गाडीत, कापसावर बसून, ती तीन दिवसांनी जालन्याला पोचली आणि रेल्वेत चढली. पुढे पावणेतीनशे मैलांचा प्रवास तिने एकटीने केला. भावाच्या पत्राचे पाकीट तिने पदरात बांधले होते. त्यावर उर्दूत विद्यालयाचा पत्ता होता. दिसेल त्याला ती पाकीट दाखवी. काचीगुडा स्टेशनापासून विद्यालयापर्यंत मात्र ती चालत गेली. गावातल्या पायी गेल्याच्या कथेचे मूळ एवढेच असावे.

ती पोचली तो दिवस ३१ जानेवारी १९३५, गुरुवार. वर्ग संपायचा दिवस. परीक्षेला पात्र असलेल्यांची यादी शनिवारी पुढे जायची होती.

कार्यालयात फकरोद्दीन नावाचे कारकून बसत. ते मूळचे भोकरदनचे, म्हणून मराठी बोलत.

"कागद आनला का, बाई?"

"कागद न्हाई. मी आले."

"हितं मान्सं चालत न्हाईत. कागद लागतो. मी बी भोकरदनचा हाय, म्हनून आपुलकीनं सांगून राह्यलो, आल्या वाटंनं परत जा."

"भोकरदनचे हायेत, तं आधी पानी तं पाजा."

फकरोद्दीनने पाणी दिले. नंतर ते आत गेले आणि पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या सिराजोद्दीन साहेबांना घेऊन बाहेर आले. हजेरीच्या अर्जांवर निर्णय देण्याचे काम त्या वर्षी त्यांच्याकडे होते.

इथून पुढे माझ्या हाती कागद आहे. चार पाने, उर्दू, प्रश्न आणि उत्तर या रूपात, अक्षर फकरोद्दीनचे. पहिल्या ओळीत लिहिले आहे की लेखी पुरावा नसल्याने प्रत्यक्ष साक्षीदाराची जबानी लिहून घेऊन तीच लेखी पुरावा म्हणून दाखल करण्यात येत आहे. दुसऱ्या ओळीत आहे की अर्जदार पुंजाराम यास खोलीबाहेर बसवले आहे. ज्याचे हित गुंतले आहे त्याच्यासमोर साक्ष घ्यायची नाही, हे सिराजोद्दीन वर्गात शिकवत असणार. त्यांनी ते पाळलेही. मजकूर उर्दूत असला तरी झुंबरबाई बोलली आपल्याच बोलीत, फकरोद्दीनने भाषांतर केले. तिचे शब्द मी द्वारकाबाईंकडून घेतले आहेत. अर्थ दोन्हीकडे एकच आहे.

"जो बोलेंगी, सच बोलेंगी?" सिराजोद्दीनने विचारले.

"खोटं बोलायचं असतं तं पिंपळगावातच बोलले असते. हितवर कशाला येते?"

मृत्यू कोणी पाहिला, असा प्रश्न आला. तिने सांगितले, माझ्या मांडीवर. ताप होता, शुद्ध गेली असेल, मेला हे कशावरून, असा पुढचा प्रश्न. त्यावर तिचे उत्तर कागदावर एका ओळीचे आहे: 'अग्नी मीच दिला.'

धावड्यात मला चार जणांनी सांगितले होते की अग्नी चुलत पुतण्याने दिला. त्या काळी त्या मुलखात बाईने बापाला अग्नी देणे ही बोलून दाखवायची गोष्ट नव्हती. फकरोद्दीनही थबकले असावेत. द्वारकाबाईंच्या सांगण्यानुसार त्यांनी लेखणी उचलून धरली आणि मराठीत विचारले, "बाई, हे लिव्हू का? गावात कळंल."

"गावाला ठाऊक हाय. गाव बोलत न्हाई, एवढंच. पोरगं हैदराबादेत, मयत दारात. किती दिस ठिवायचं? तुमी लिव्हा."

त्यांनी लिहिले.

कार्डाविषयी प्रश्न आहे. कार्ड कोणी लिहिले, कोपरा फाडला होता का, आणि अर्जदाराने ते का फाडले. तिचे उत्तर: "फाडायचंच असतंय. तुमच्याकडं ठिवतेत का, साहेब?" याच्या समासात सिराजोद्दीनने स्वतः लिहिले आहे, 'साक्षीदार रिवाज सांगते.' त्यांनी ते मान्य केले की नाही, हे त्या शब्दांवरून ठरत नाही.

मग दिवसांचे प्रश्न. पुंजाराम कधी आला, विधी कधी संपले, तो गावाहून कधी निघाला. तेराव्यापर्यंत त्याचे गावात आठ दिवस झाले होते. त्यापुढे तो आणखी चार दिवस राहिला. ते चार दिवस कशासाठी?

इथे मी बराच वेळ थांबलो. शेताचे काम होते, नदीला पाणी होते, गाडी मिळाली नाही, असे काहीही सांगता आले असते, आणि तपासून पाहणारा कोणी हैदराबादेत नव्हता. त्या चार दिवसांत एक शुक्रवार वजा जाता सहा तास गेले होते. माफीच्या जोडीला तेच सहा तास असते तर पुंजारामला काळजीचे कारणच उरले नसते. हे तिला भावाच्या पत्रातून कळले होते. ती आली होती ती याचसाठी. आणि तिने जे सांगितले ते असे:

"म्या ठिवून घेतला. त्यो रोज जातो म्हनायचा. घर खायाला उठलं व्हतं, साहेब. बाप न्हाई, मालक न्हाई. उद्या जा, उद्या जा, असं करून म्याच चार दिस ठिवला. त्याचा काई कसूर न्हाई. कसूर माहा हाय, लिव्हा."

कागदावर 'कसूर माझा आहे' हे शब्द आहेत. फकरोद्दीनने ते गाळले नाहीत.

जबानी संपली. तिच्याखाली डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. रेषा इतक्या झिजलेल्या, की मधला भाग जवळजवळ कोराच उठला आहे. शेजारी फकरोद्दीनने आकडे मांडले आहेत. प्रत्यक्ष हजेरी एकशे त्रेसष्ट. माफीच्या दहा दिवसांत दोन शुक्रवार. उरलेल्या आठ दिवसांचे सोळा तास. बेरीज एकशे एकोणऐंशी. मी ही बेरीज हजेरीपटावरून तीनदा करून पाहिली. ती बरोबर आहे.

एक तास कमी पडत होता.

यानंतर खोलीत काय बोलणे झाले, याला एकटा द्वारकाबाईंचाच आधार आहे. फकरोद्दीनने तिला सांगितले, "बाई, तुमचं समदं मान्य झालं. तरी एक तास कमी पडून राह्यला."

"एक?"

"एकच. पन नियम हाय. एक बी कमी चालत न्हाई."

मग झुंबरबाईने विचारले, "हजेरी पोरांचीच घेतेत का? मास्तरांची कोन घेतं?"

"हे मी साहेबाला इचारनार न्हाई," फकरोद्दीन म्हणाले.

"तुमी नका इचारू." ती सिराजोद्दीनकडे वळली. "साहेब, तुमी वर्साभरात एक बी दिस चुकले न्हाईत का?"

सिराजोद्दीनने फकरोद्दीनकडे पाहिले. "क्या बोल रहे बाई?"

फकरोद्दीन म्हणाले, "कुछ नहीं, हुजूर. गाव की बाई है."

"क्या बोले, वो बोलो."

फकरोद्दीनने सांगितले.

मी हे सारे बाजूला ठेवले असते. प्राध्यापकाला निरुत्तर करणारी खेड्यातली बाई ही सांगणाऱ्याला आवडणारी गोष्ट असते, आणि आवडणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास सहजासहजी बसत नाही. परंतु जबानीच्या चौथ्या पानाच्या तळाशी, अंगठ्याच्या ठशाखाली, निराळ्या शाईत आणि सिराजोद्दीनच्या अक्षरात एक ओळ आहे: 'साक्षीदाराने केलेल्या प्रश्नावरून हजेरीपट तपासला.' साक्षीदाराने प्रश्न केला होता. तो काय होता, ते लिहिलेले नाही. हजेरीपट तपासल्यावर काय सापडले, ते मात्र हजेरीपटातच आहे.

२५ ऑक्टोबर १९३४ च्या रकान्यात, पुराव्याच्या कायद्याच्या तासापुढे, एकाही विद्यार्थ्याची हजेरी नाही. त्याच्यावर बारीक अक्षरात 'शिक्षक गैरहजर' असे लिहिलेले आहे. तास झाला नव्हता, आणि तरी तो दोनशे चाळिसांत मोजलेला होता. म्हणजे वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर त्या दिवशीची एक गैरहजेरी पडली होती, ती त्यांच्या शिक्षकाची. इतरांकडे भरपूर तास शिल्लक होते. कोणाच्या लक्षात आले नाही, किंवा आले तरी कोणी बोलले नाही. पुंजारामही बोलला नव्हता. कायदा शिकणारे सगळे गप्प राहिले आणि जिला सही करता येत नव्हती, तिने नेमके तिथे बोट ठेवले.

नवा तास जोडला असता तर एकूण संख्या दोनशे एकेचाळीस झाली असती आणि एकशे ऐंशी पुरे पडले नसते. हे गणित सिराजोद्दीनने केले असावे. कारण त्यांनी नवा तास जोडला नाही. त्यांनी जुना, आपल्याकडे राहिलेला तास पुरा केला.

हजेरीपटात १ फेब्रुवारी १९३५ ची नोंद आहे. वार शुक्रवार. संपूर्ण वर्षाच्या पटावर शुक्रवारी भरलेला हा एकच तास. शेरा आहे, 'दिनांक २५ ऑक्टोबरचा न झालेला तास'. चौतीस नावांपैकी तेहतीस नावांसमोर रकाना रिकामा. पुंजाराम वल्द कचरू या नावासमोर 'हाजिर'. खाली सिराजोद्दीनची पूर्ण सही. आपल्या चुकीवर त्यांनी पांघरूण घातले नाही. तारीख घालून, सही करून ती भरून काढली. मला त्या पानावरून नजर हलवता येत नव्हती. दोनशे एकोणचाळीस तासांच्या गर्दीत तो एक रकाना, आणि त्यासाठी पावणेतीनशे मैल आलेली एक बाई.

शनिवारच्या पात्र यादीत पुंजारामचे नाव आहे. पुढच्या वर्षी तो शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाला. भोकरदनच्या मुन्सफ कोर्टातले १९३७ चे एक वकीलपत्र मी पाहिले आहे. त्यावर त्याची सही आहे. झुंबरबाई १९६१ पर्यंत जगली आणि जमीन शेवटपर्यंत स्वतः करीत राहिली, असे द्वारकाबाई सांगतात. सात-बाराच्या नोंदींशी ते जुळते.

आता जे ठाऊक नाही ते. २५ ऑक्टोबरला सिराजोद्दीन का आले नव्हते, याची नोंद नाही. शुक्रवारच्या तासाची सूचना इतर तेहतीस विद्यार्थ्यांना दिली होती की नाही, हे कळत नाही. फळ्यावर लावलेल्या सूचना कोणी जपून ठेवलेल्या नाहीत. असा तास भरवण्याचा अधिकार त्यांना होता का, याविषयी नियमपुस्तिका गप्प आहे, आणि वरून कोणी जाब विचारल्याचा कागद मला सापडलेला नाही. त्या तासाला झुंबरबाई वर्गाच्या दारात बसून होती, असे द्वारकाबाई एकदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा म्हणाल्या, त्या वेळी ती फकरोद्दीनच्या घरी होती. यांतले खरे कोणते, ते सांगता येत नाही. त्या एका तासात सिराजोद्दीनने पुंजारामला काय शिकवले, तेही माहीत नाही. हजेरीपटात विषय लिहिण्याची जागा आहे. ती कोरी आहे.